बंद डब्यापुढचा दिवा

आई गेल्यानंतरच्या वर्षात माझ्याजवळ श्रद्धा कितपत उरली होती, हे मला आजही नेमके सांगता येणार नाही. मी रसायनशास्त्रात डॉक्टरेट केली आहे. तळोज्याच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझे दिवस जात असत आणि पुरावा नसलेल्या विधानापुढे प्रश्नचिन्ह मांडण्याचीच मला सवय होती. तरीही रोज सकाळी कंपनीच्या बसला निघण्यापूर्वी मी देव्हाऱ्यापुढे दिवा लावत असे. विश्वास होता म्हणून, की आई लावत असे म्हणून, की त्या रिकाम्या घरात दुसऱ्या कुणापुढे उभे राहायचे नव्हते म्हणून, याचा निवाडा मी कधी केला नाही. पुढे जे घडले त्याने तो निवाडा केला असेही नाही. मी केवळ घडले ते, घडले त्या क्रमाने लिहिते आहे.

नवीन पनवेलच्या त्या दोन खोल्यांच्या घरात आम्ही दोघीच होतो. बाबा मी शाळेत असतानाच गेले. आई मूळची घाटावरची, सातारा भागातली. पनवेलच्या एका शाळेत ती शिक्षिका होती. आयुष्याची बरीच वर्षे पनवेलमध्ये काढूनही मासळी बाजारावरून जाताना तिचा पदर नाकाशी जायचा तो जायचाच. आमच्या देव्हाऱ्यात मूर्ती नव्हत्या. चांदीच्या पत्र्यावर ठसा उठवलेले टाक होते. खंडोबाचा, देवीचा, बहिरोबाचा, आणि घोड्यावर बसलेल्या वीराचा एक, तो बाबांचा. घरातले माणूस गेले की त्याचाही टाक करून देवांच्या रांगेत बसवायचा, ही आमच्याकडची रीत. हे टाक एका पितळी डब्यात, लाल कापडात गुंडाळलेले असत. आई ते सणावाराला आणि दसऱ्याला बाहेर काढी, चिंचेने लख्ख करी, हळदीकुंकू वाही आणि पुन्हा डब्यात निजवी. मी त्या वेळी बहुधा अभ्यास करीत असे.

मार्गशीर्षात आई गेली. आजार तसा मोठा नव्हता; हृदयाने अचानक साथ सोडली. सुतक फिटल्यावर देव उजळून घ्यायचे असतात, असे मामीने फोनवर सांगितले, म्हणून मी डबा जुन्या पनवेलच्या एका सोनाराकडे नेला. बाबा गेल्यावर आईने काढून ठेवलेली चांदीची जोडवी सोबत घेतली आणि त्या चांदीतून तिचा टाक करायला सांगितला. "हातात पुस्तक काढाल का?" मी विचारले. सोनारांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "टाकावर पुस्तक? इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नाही बाई." मग काही न विचारता त्यांनी कागदावर पेन्सिलने एक लहानशी बाई काढली, तिच्या छातीशी पुस्तक धरवले आणि कागद माझ्यापुढे केला. दुकानात बसूनच मी रडले. निघताना त्यांनी फोन नंबर मागितला आणि मी तो दिला.

काही दिवसांनी डबा घेऊन आले. मामीचा निरोप होता की वर्ष होईपर्यंत आपल्याकडे सण नाही, देव डब्यातून बाहेर काढायचे नाहीत. डब्यापुढे नुसता दिवा लाव. मी तसे केले. सोनारांनीच नवे लाल कापड बांधून दिलेला तो डबा देव्हाऱ्यात ठेवला आणि वर्षभर उघडला नाही. आतल्या पुस्तकवाल्या चांदीच्या बाईची कल्पना मात्र मी रोज करीत राहिले. सकाळी दिवा लावताना मी तिच्याशी बोलू लागले. सुरुवातीला मनात, नंतर मोठ्याने. प्रयोगशाळेत कुणाशी खटका उडाला, वरच्या मजल्यावरच्या बाईंनी पाणी कसे सांडले, आज भात करपला. श्रावणात मला ताप आला. चार भिंतींत विचारणारे कुणी नव्हते. अंथरुणातून उठवत नव्हते, तरी भिंतीचा आधार घेत देव्हाऱ्यापर्यंत गेले आणि "आई, मला बरं नाहीये गं" एवढेच म्हणाले. त्यानंतर जे वाटले त्याला शांतता म्हणावे की थकवा, मला ठाऊक नाही. कपाळावरून कुणी हात फिरवला असे मी लिहिणार नाही, कारण तसे झाले नाही. पण आपण ऐकले गेलो आहोत, अशी एक खात्री छातीत उतरली आणि मला झोप लागली. पुढे ती खात्री अधूनमधून येत राहिली. त्या वर्षात माझ्या एकटेपणाला तेवढाच एक किनारा होता.

वर्षश्राद्ध मामाकडे साताऱ्याला झाले आणि त्याच सुमारास परदेशातल्या एका प्रयोगशाळेचे पत्र आले. याच कामासाठी मी कित्येक वर्षे धडपडत होते. तीन वर्षांचे संशोधन, आणि जमले तर पुढे तिथेच. भाड्याचे घर सोडायचे, सामान वाटून टाकायचे, पौष संपता संपता निघायचे. या सगळ्याचा आराखडा मी एका संध्याकाळी बसून पुरा केला. आराखड्यात न बसणारी एकच गोष्ट राहिली: देव्हाऱ्यातला डबा.

काकांना फोन केला. ते म्हणाले, "आमचे देव आमच्या देवघरात आहेत. एका घरात दोन खंडोबा ठेवत नाहीत, पोरी." मामा म्हणाला, "मुलीच्या जातीला माहेरचे देव लागत नाहीत. लग्न होईल तेव्हा सासरचे देव तुझे. वाहत्या पाण्यात सोड, दोष लागत नाही." प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीने बँकेचा लॉकर सुचवला. तिचा हेतू चांगला होता, पण पोलादी कप्प्यात, अंधारात, दर वर्षी भाडे भरून ठेवलेली आई मला सोसवेना. सोबत न्यावे म्हटले, तर जिथे मी स्वतःच परकी असणार तिथे देवांना कुठे बसवणार? आणि मला काही झाले तर ते कुणाच्या हाती लागणार? शेवटी मामाचे म्हणणे मान्य केले. मनाशी मी त्याला विसर्जन म्हणत होते. खरे तर एका घराची शेवटची माणसे मी पाण्यात बुडवणार होते आणि त्यानंतर या देशात माझे म्हणावे असे काही उरणार नव्हते. असे करणे बरोबर आहे की नाही, हे विचारायला ज्या एका व्यक्तीजवळ जावे, ती त्या डब्यातच होती. मी तिलाही विचारले. त्या सकाळी मात्र कसलीच खात्री उतरली नाही.

गाढी नदीत त्या दिवसांत धड पाणी नव्हते, म्हणून समुद्र गाठायचे ठरवले आणि एका सुटीच्या दिवशी उरणमार्गे करंज्याला गेले. मासळीचा लिलाव आटोपला होता. धक्क्यावर बर्फाचे तुकडे वितळत होते, टोपल्या धुतल्या जात होत्या. एका बोटीच्या तांडेलाने थोडे आत नेऊन आणायचे कबूल केले. "पानी भरू दे, मंग निघू," म्हणाला. भरती यायची होती. मी डबा मांडीवर घेऊन एका कडेला बसले. शेजारी एक कोळीण सुकटीतला कचरा निवडत होती. तिने बराच वेळ मला न्याहाळले.

"काय हाय डब्यान?"

"देव आहेत."

"बुडवाला आनलंस?"

"पाण्यात सोडायला," मी म्हणाले. मला तिचा शब्द टोचला होता.

"तोंड बगलंस त्यांचं?"

मी म्हणाले, बांधलेलेच सोडणार आहे, उघडायचे नाही. त्यावर तिने हातातले सूप खाली ठेवले. "घरातली म्हातारी पोचवताना तोंड बगतो ना आपन? मंग देव काय मासलीच्या गाभोलीचा डबा हाय, झाकन लावून फेकाला? उगर. हलद-कुकू लाव. जा म्हन. मंग सोर."

तिचा स्वर मायेचा नव्हता. कामात खोळंबा झाल्यावर माणूस बोलते तसा होता. माझ्याजवळ हळदीकुंकूही नव्हते. ते तिनेच समोरच्या टपरीतून मागवून घेतले. मग मी गाठ सोडली. वर्षभर जिला हात लावला नव्हता ती गाठ.

वरचा खंडोबा होता तसाच वाटला. देवीही. वीराचा टाक हातात घेतला आणि थबकले. एका घोड्याऐवजी दोन घोडे शेजारी शेजारी होते. मग मी घाईघाईने तळाचा टाक काढला. त्यावर बाई होती. पण तिच्या हातात पुस्तक नव्हते. हात खाली सोडून ती सरळ उभी होती, आणि ती नवी मुळीच नव्हती. वर्षानुवर्षांच्या बोटांनी तिचा चेहरा इतका झिजवला होता की नाक-डोळ्यांच्या जागी नुसता गुळगुळीत उंचवटा राहिला होता.

मी सगळे टाक पुन्हा पुन्हा उलटून पाहिले. हे आमचे देव नव्हते. ही माझी आई नव्हती. कुणा अनोळखी घराच्या देवांना मी काही क्षणांत समुद्रात सोडणार होते.

"हे आमचे नाहीत," मी म्हणाले. तांडेल मागे येऊन उभा होता. त्याने दोन्ही हात कानाला लावले. "दुसऱ्याचं देव? मी नाय नेत बाय. दर्यान मना रोज जावाचं हाय." कोळणीने सूप पुन्हा उचलले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बग. म्हनून तोंड बगाचं."

परतताना एसटीत खिडकीशी बसून मी जे करीत होते त्याला विचार म्हणता येईल की नाही, कोण जाणे. औषधाची परीक्षा घेताना रुग्णाला कळू देत नाहीत की त्याच्या गोळीत औषध आहे की नुसती साखर. म्हणजे गुण कशाचा, मनाचा की औषधाचा, ते उमगते. मला नकळत माझ्यावर नेमकी तीच परीक्षा झाली होती. वर्षभर मी ज्या डब्यापुढे दिवा लावला, ज्याच्याशी बोलले, तापात ज्याला हाक मारली, त्यात आई नव्हतीच. मग ती खात्री कुठून आली? शास्त्राने मला शिकवलेले उत्तर सरळ होते: तुझ्याच मनातून. ते उत्तर मी पुन्हा पुन्हा तपासले, त्यात खोट सापडली नाही, आणि त्या उत्तराने मी इतकी एकटी झाले की तितकी आईच्या चितेपुढेही झाले नव्हते. तिथे निदान ती गेली होती. आता तर ती वर्षभर माझ्याजवळ नव्हती हे कळले होते, आणि ती कुठे आहे हेही ठाऊक नव्हते. सोनाराच्या एखाद्या खणात? वितळलेल्या चांदीत? माझ्या निघण्याला थोडेच दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडण्याआधीच पायरीवर जाऊन बसले. सोनारांनी माझ्या मांडीवरचा डबा पाहिला आणि कुलपाला लावलेली किल्ली तशीच सोडून ते माझ्याकडे वळले.

"कुठे होतात बाई तुम्ही? वर्ष झालं, शोधतोय तुम्हाला! फोन लावून लावून थकलो. हा नंबर अस्तित्वात नाही, म्हणून बाई सांगते."

त्यांनी नंबर दाखवला. तो आईचा होता. घरच्या कुठल्याही कामासाठी दुकानात, गिरणीत, गॅसवाल्याकडे आयुष्यभर तिचाच नंबर दिला जात असे, आणि ती गेल्यावरही माझ्या तोंडून तोच निघाला होता. दोन-चार दिवसांतच मी तो बंद केला. म्हणजे ज्या वाटेने ती मला सापडली असती ती वाट मीच मिटवली होती, आणि तेही कर्तव्य समजून.

हकीगत साधी होती. त्याच आठवड्यात उलव्याकडच्या एका आगरी बाईंनी त्यांचे देव उजळायला दिले होते. त्यांचे गाव प्रकल्पासाठी उठले होते. नव्या जागेत घर बांधून झाले होते आणि वास्तूच्या आधी देव लख्ख करून हवे होते. डबे सारखे, कापड सारखे. अदलाबदल झाली. "चूक माझी," सोनार म्हणाले. "पण ती बाई दर अमावास्येला पनवेलला बाजाराला आली की पायरीवर येऊन विचारते, माझी बाई गावली का?" त्यांनी तिथूनच फोन लावला. पलीकडचा आवाज इतका खणखणीत होता की मला दुकानाच्या दारातूनही ऐकू आला. "गावली? आत्ता पाठव तिला. नि जेवून ये म्हनू नको, जेवाला ये म्हन!"

हिराबाय हे त्यांचे नाव. पुनर्वसनाच्या वसाहतीत सगळे रस्ते काटकोनात आणि सगळी घरे नव्या रंगाची. झाडे अजून कमरेएवढी. त्यांचे घर दुमजली, संगमरवरी पायऱ्यांचे. त्या पायऱ्यांवर नऊवारी नेसलेल्या हिराबाय उभ्या होत्या. मला त्यांनी आधी पाहिलेच नाही. डबा घेतला, तिथेच पायरीवर बसून उघडला, तळाचा झिजलेला टाक काढून दोन्ही तळव्यांत धरला आणि त्याच्यावर ओरडल्या, "कुठं उंडारत व्हतीस गं वरीसभर?" मग डोळ्यांना पदर लावून माझ्याकडे वळल्या. "माजी सवत हाय ही. चांगुना. ये, आत ये. भायेर कशाला उबी?"

चांगुणा ही त्यांच्या नवऱ्याची पहिली बायको. मुलगा अगदी तान्हा असताना ती गेली, मग हिराबाय लग्न होऊन आल्या आणि सवतीचा टाक पहिल्या दिवसापासून त्यांच्या वाट्याला आला. मुलाला त्यांनी वाढवले. आता तो मुलगा मुलाबाळांचा झाला, नवरा गेला, गाव गेले, शेत गेले. पण रोज दुपारी ताट वाढून तिच्यापुढे ठेवायचे आणि "तुजा पोरगा जेवला बग" असे सांगायचे, हे टाक हरवेपर्यंत त्यांचे कधी चुकले नव्हते. "सासू मेली, मालक मेला. माज्या जुन्या घरातली हीच एक रायली व्हती बोलाला. नि नव्या घरान येताना हीच हरवली."

"मग तुम्ही दुसरा डबा सोनारांकडे परत का नाही ठेवला, मावशी?"

"दुकानान देव उपाशी ठेवू काय?" त्या म्हणाल्या. "पयल्या दिवशीच वलकलं मी. माजी हात सोरून उबी, नि ही पोथी घेऊन उबी. म्हनलं, ही कोन मास्तरीन आली आमच्या घरान? पन आली हाय तर बाई मानूस हाय, कुनाची तरी हाय. पाट दिला बसाला."

त्यांनी मला देव्हाऱ्यापुढे नेले. सागवानी, मोठा, नवा देव्हारा. त्यात आमचा खंडोबा होता, आमची देवी, एका घोड्यावरचे माझे बाबा, आणि मधोमध, हळदीने पिवळी झालेली, पुस्तक छातीशी धरून उभी असलेली माझी आई. मी तिला प्रथमच पाहत होते. सोनारांनी पेन्सिलने काढली होती तशीच होती ती. समोर छोट्या ताटलीत भात होता, आणि भातावर लाल कालवण.

"हे... मासे आहेत का?" मी विचारले.

"तर! देवांना गोराचा निवद, नि गेल्या मानसांना आमचं जेवान. बोंबलाचं कालवान तिला लय आवरतं."

ज्या बाईने आयुष्यभर मासळी बाजाराला नाक मुरडले ती वर्षभर रोज बोंबील जेवत होती! मला हसू फुटले. थांबवता येईना. हसता हसता मी देव्हाऱ्यापुढे खाली बसले आणि ते हसणे कधी रडण्यात गेले, समजले नाही. आतून सून परात घेऊन दारात आली. "आई रोज तासभर त्या बाईशी बोलतान," ती मला म्हणाली. "आमच्याशी बोलाला टाइम नाय. मी म्हनते, तिला तरी जरा झोपू द्या दुपारची!"

"तू गप, भाकऱ्या कर," हिराबाय म्हणाल्या आणि माझ्या शेजारी टेकल्या. त्यांना मी सारे सांगितले. मी निघाले आहे हे, काका आणि मामा काय म्हणाले ते, आणि करंज्याच्या धक्क्यावर काय होता होता राहिले तेही. चांगुणा समुद्रात गेली असती हे ऐकून त्यांनी टाक पदराआड धरला, पण मला बोल लावला नाही. उलट विचारले, "मंग वरीसभर माज्या चांगुनाला काय खायला घातलंस?"

"काही नाही. दिवा लावत होते. बोलत होते... आई समजून."

"काय बोलत व्हतीस?"

"सगळंच. ताप आला ते. नोकरीतलं. एकटं वाटतं ते."

हिराबाय चांगुणेच्या टाकाकडे पाहत राहिल्या. नवऱ्याच्या पहिल्या बायकोचा तो झिजून सपाट झालेला चेहरा. "बरं जालं," त्या हळूच म्हणाल्या. "तिला लेक नव्हती."

मी विचारले, आणि तुम्ही माझ्या आईशी काय बोलत होता? "काय बोलनार? पोरगा जेवला, सून अशी, नातू तसा. नि शेवटला रोज एकच. म्हनलं, मास्तरनी, तुजं मागं जे कोन रायलं असंल, जिथं असंल, त्याला सांभाल. मना ठावं नाय कोन हाय. तुना ठावं."

त्या क्षणी माझ्या मनात काय झाले ते शब्दांत आणणे कठीण आहे. त्या सबंध वर्षात माझी एक समजूत अगदी पक्की होती: या जगात माझ्यासाठी हात जोडणारे आता कुणीही नाही. ती समजूत मी दुःखाने नव्हे, एखादे निरीक्षण नोंदवावे तशी स्वीकारली होती. आणि रोज दुपारी, मी तळोज्यात यंत्रापुढे उभी असताना, कधी न पाहिलेली एक बाई माझे नाव-गाव माहीत नसताना माझ्या आईजवळ माझ्यासाठी मागत होती. एसटीत बसून मी जे उत्तर काढले होते त्यात आताही खोट नव्हती. ते उत्तर अजूनही खरे असू शकते. पण माझ्या परीक्षेत एक गोष्ट मी धरलीच नव्हती, कारण ती मला माहीतच नव्हती. जे माहीत नाही ते नाहीच, असे मी मानले होते. मी यातून निष्कर्ष काढत नाही. त्या देव्हाऱ्यापुढे मी एवढेच केले, की उत्तर शोधायचे थांबवले.

जेवताना हिराबायनीच विषय काढला. "समुद्रान सोराचं काय कारन नाय. आमच्याकडं ठेव."

"पण एका घरात दोन खंडोबा चालत नाहीत म्हणतात."

"दोन तर दोन. भांडतील, नि गप बसतील. आमी सवती नाय नांदलो?" सून तोंडाला पदर लावून हसली. "नि तुज्या आईचं काय, तिला आता हितली सवय जाली. चांगुनाला लिवाया-वाचाया येत नव्हतं. ही शिकवील तिला."

माझ्या मनात हिशेबी शंका आल्या, नाही असे नाही. यांच्या मागे कोण करणार? मी परत आलेच नाही तर? लिहून घ्यावे का काही? आयुष्यभर प्रत्येक बदलापुढे मी आराखडा घेऊन उभी राहिले होते. आईच्या आजारपणात, तिच्यामागे, या प्रवासासाठीही. इथे आराखडा करण्यासारखे काही नव्हते. समोर एक बाई होती आणि तिचा पसरलेला हात. ज्या चुकीमुळे, ज्या बंद नंबरामुळे, ज्या अनोळखी कोळणीच्या फटकाऱ्यामुळे मी इथवर आले होते, त्यातले एकही पाऊल मी ठरवलेले नव्हते. मग पुढचेच तेवढे मी का ठरवावे? "ठेवते," मी म्हणाले. एवढा लहान शब्द उच्चारायला मला इतकी ताकद लागेल, असे वाटले नव्हते.

हिराबायनी हात धुतले. एक नवा पाट आणून त्यांनी देव्हाऱ्यात जागा केली. आमचे देव उजवीकडे सरकवले, त्यांचे डावीकडे मांडले, आणि चांगुणेला व आईला मध्ये शेजारी शेजारी बसवले. मला दिवा लावायला सांगितला. मी लावला. आईच्या पायाशी डोके टेकवले, आणि मग तितकाच वेळ चांगुणेच्या पायाशीही. वर्षभर माझे सगळे तिने ऐकले होते. मी उठत होते, तोच हिराबायनी माझा दंड धरला.

"थांब. वरीसभर नुसतं 'जे कोन असंल ते' म्हनतं मी. देवाला तरी कसं कलनार? आता रोज घ्याला पायजे. नाव काय तुजं?"

मी नाव सांगितले. त्यांनी ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिले, त्यांच्या बोलीत ते जरा वेगळे झाले, आणि मग देव्हाऱ्याकडे तोंड करून मोठ्याने, ऐकू न येणाऱ्या माणसाला सांगावे तसे, पुन्हा म्हटले.

आता मी फार दूर, थंडीच्या गावात राहते. भाड्याच्या खोलीत ज्योत लावायची परवानगी नाही, आणि लावली असती तरी तिच्यापुढे ठेवायला माझ्याजवळ काही नाही. सकाळी प्रयोगशाळेत निघण्यापूर्वी मी भिंतीपुढे उभी राहून हात जोडते. एकटेपण गेले असे मी म्हणणार नाही. संध्याकाळी ते असते, रविवारी तर फारच असते. पण त्याची भीती गेली. मला जे सांभाळता येत नव्हते ते मी एका माणसाच्या हाती दिले आणि माझ्या हाती काही ठेवले नाही. समर्पण म्हणतात ते याहून मोठे काही असेल, पण मला कळले ते एवढेच. मी इथे हात जोडते तेव्हा तिकडे दुपार झालेली असते. ताट वाढलेले असते. एका देव्हाऱ्यात दोन बायका जेवत असतात, आणि एक खणखणीत आवाज माझे नाव थोडेसे चुकीचे, पण रोज, उच्चारतो.